आमच्या घराण्यात आजार नाही

साहेब, खोटं बोलायला लोकांना तुम्हीच लावता आणि खोटं बोलले म्हणून धरताही तुम्हीच.

हे मी तुमच्या तोंडावर म्हणतो आहे. तुमचं तोंड मी पाहिलेलं नाही, ही गोष्ट वेगळी. तुमच्या पत्राखाली सही नाही. हे पत्र संगणकाने काढलं असल्यामुळे सहीची गरज नाही, असं तिथे छापलंय. एका कर्त्या माणसाला लबाड ठरवायचं आणि त्या पत्रावर सहीसुद्धा करायची नाही, इतकी निवांत नोकरी असते हे मला आधी माहीत असतं तर मी वाडीच्या गोडाऊनमध्ये जन्म काढला नसता. 'विमाधारकाने महत्त्वाची माहिती दडवली,' हे तुमचं वाक्य. विमाधारक म्हणजे मी. आता मी काय दडवलं, कोणापासून दडवलं आणि कोणासमोर सगळं ओतून मोकळा झालो, ते नीट ऐका. मध्ये बोलू नका. तुमच्या फोनवरच्या बाईसारखी बासरीही लावून ठेवू नका.

मी अमरावती रोडवर, वाडीला, एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये बुकिंगला बसतो. आमच्याकडे सगळ्याचा विमा आहे. ट्रकचा आहे, ट्रकमधल्या मालाचा आहे, माल ज्या शेडमध्ये पडून राहतो त्या शेडचा आहे. एकदा माकडांच्या मारामारीत शेडचा पत्रा फाटला, तर त्याचेही पैसे आले. फक्त बुकिंगला बसणाऱ्याचा विमा नाही, कारण तो माल नाही. हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं जेव्हा शेजारच्या टेबलावरचा माणूस मालाची बिल्टी फाडता फाडता छाती धरून खाली बसला. माणूस वाचला, पण उमरेड रोडवरचा त्याचा प्लॉट गेला. कामावर परत आल्यावर तो शर्टाची बटणं उघडून सगळ्यांना टाके दाखवायचा आणि म्हणायचा, "ह्या इथून माहा प्लॉट गेला."

त्याच संध्याकाळी मी घरी जाहीर केलं की आपण आरोग्य विमा काढतो आहोत. मी ठरवलं की ठरवलं. माझी बायको भागीरथा फक्त एवढंच म्हणाली, "कोणाकडून?" आणि इथे गाडं अडलं.

आमच्या शेजारी श्रीधरकाका राहतात. सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, पण अधीक्षकपण कचेरीत जमा करायचं विसरले. सोमवारी गच्चीवर त्यांनी मला सांगितलं की एजंट म्हणजे दलाल, सरळ फोनवरून विमा घ्या, स्वस्तात पडतो. मंगळवारी म्हणाले, फोनवरचा विमा म्हणजे हवेतला विमा, दवाखान्यात भरती झाल्यावर फोन काय धावत येणार आहे? बुधवारी त्यांचं मत पडलं की दोन्ही नको, रोज सकाळी मेथीचं पाणी घ्या. गुरुवारी मी गच्चीवर जायचंच टाळलं.

तरी मी फोनवरून प्रयत्न केला. कोणी म्हणू नये की हा माणूस जुन्या वळणाचा. मी फोनला माझं नाव आणि नंबर काय दिला, जणू लग्नाची पंगत आहे असं कोणीतरी गुडगावच्या कॉल सेंटरात ओरडून सांगितलं. सगळे उठून माझ्याकडे निघाले. जेवताना फोन, अंघोळीला गेलो तर फोन. एक फोन तर मी एका ओळखीच्या माणसाच्या अंत्ययात्रेत गंगाबाई घाटावर उभा असताना आला. "सर, जीवन अनिश्चित है," असं ती मुलगी म्हणाली. मी म्हटलं, "हाव, समोरच दिसून राहिलं."

तेव्हा मी निकाल दिला: एजंट. माझं कारण साफ होतं. उद्या काही भानगड झाली तर मला धरायला कॉलर पाहिजे. फोनला कॉलर नसते. एजंटाचं घर असतं, घराला दार असतं, आणि त्या दारावर मी जाऊन उभा राहू शकतो. श्रीधरकाका लगेच म्हणाले, "मी तर हेच सोमवारपासून सांगतोय," आणि त्यांनी आपल्या ओळखीचा एजंट ठरवून टाकला. रविवारी सकाळी तो येणार. "पण एक लक्षात ठेवा, रविंद्रराव," त्यांनी मला फाटकापाशी थांबवून बजावलं, "क्लेम बुडतो तो दडवल्यामुळे. एजंटासमोर पोट पूर्ण रिकामं करा. साधी शिंकसुद्धा मागे ठेवू नका."

आता इथे दुसरी गोष्ट सांगणं भाग आहे, नाहीतर तुम्हाला माझी चूक कळणार नाही.

माझी मुलगी धनश्री मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते. लहानपणी तिच्या हृदयाला छिद्र होतं. शस्त्रक्रिया करून ते बुजवलं. डॉक्टरांनी तिला पूर्ण मोकळी केली. आज ती स्कूटीवरून जाते-येते आणि आमच्या घरात सगळ्यांत वरच्या आवाजात भांडते. पण ह्या एका गोष्टीवरून तिच्या दोन सोयरिकी मोडल्या. दोन्ही वेळा आम्ही बोललो नाही आणि दोन्ही वेळा कोणीतरी शुभचिंतक बोलला. आता कामठीचं तिसरं स्थळ आलं होतं. मुलगा पंकज, शाळेवर शिक्षक, घरी दोन पॉवरलूम, आमच्याच कोष्टी समाजातले. फोटोंची देवाणघेवाण मुलामुलीच्या फोनवरून झाली होती. भागीरथेने घरात फर्मान काढलं की साखरपुडा होईपर्यंत दुखण्याचं नाव काढायचं नाही. धनश्री तिच्याशी त्यावरून भांडली होती. "मले लपवून देऊन राहिली का तू?" असं ती म्हणाली. भागीरथा म्हणाली, "तुले नाही वं, छिद्राले लपवून राहिली." पण हे बोलताना तिने तोंड फिरवलं होतं, ते मी पाहिलं.

आमच्यात एक रीत आहे. मुलगी बघायचा रीतसर कार्यक्रम होण्याआधी मुलाकडचा कोणी जाणता माणूस सहज आल्यासारखा येतो. नाव सांगत नाही, कारण सांगत नाही. पाणी पितो, चार गोष्टी विचारतो, घराची रीतभात पाहतो आणि जातो. भागीरथा ह्याला घर हुंगणं म्हणते. तिच्या उमरेडच्या चुलतबहिणीने फोन करून ठेवला होता की ह्या आठवड्यात कामठीहून कोणीतरी हुंगायला येईल, तयारीत राहा.

झालं. एका आठवड्यात दोन माणसं यायची होती. एकासमोर सगळं सांगायचं होतं आणि एकासमोर काहीच नाही. आता तुम्ही म्हणाल की ह्यात चुकण्यासारखं काय आहे. साहेब, तुम्ही कधी मुलीचे बाप झाला आहात का?

रविवारी सकाळी एक माणूस आला. साधा शर्ट, पायात चप्पल, बगलेत प्लास्टिकची फाइल. "शेजारच्या श्रीधररावांनी घर दाखवलं," तो म्हणाला. मी त्याला हाताला धरून आत नेलं. खुर्चीवर बसला, पाणी प्यायला आणि विचारायला लागला. घरी कोण कोण? कमावतं कोण कोण? घर स्वतःचं की किरायाचं? मी पटापट उत्तरं दिली. मग त्याने जरा खाली बघत, संकोचून विचारलं, "तब्येतपाणी बरं आहे ना सगळ्यांचं?"

काय तो अदबशीर प्रश्न. मला वाटलं, वा, एजंट असावा तर असा. आणि मी पोट रिकामं करायला बसलो.

माझी शुगर सांगितली. नुसती सांगितली नाही, रिकाम्या पोटीची वेगळी आणि जेवल्यानंतरची वेगळी सांगितली. माझ्या आजोबांचं हृदय, माझ्या काकांचं हृदय, काकू कशाने गेली ते कोणालाच कळलं नाही, हेही सांगितलं. भागीरथा स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि तिने आपलं थायरॉइड आणि दोन्ही गुडघे जमा केले. माझे वडील मारोतराव, आम्ही त्यांना बाबा म्हणतो, हयातभर उमरेडला हातमागावर बसले. त्यांच्या छातीत सुताची धूळ आहे आणि हृदयात स्टेंट आहे. इतक्या वर्षांनी कोणीतरी आपल्या दुखण्याची चौकशी करतं आहे हे पाहून त्यांना भरून आलं. ते सदरा वर करून खोकून दाखवायला लागले. त्या माणसाने बाबांची बोटं हातात घेऊन पाहिली आणि विचारलं, "किती नंबरचं सूत चालवत होते, बाबा?" मग दोघं सुतावर बोलत बसले. मी मनात म्हटलं, काय तयारीचा एजंट आहे. गिऱ्हाइकाची नस बरोबर धरतो.

तेवढ्यात धनश्री चहा घेऊन आली. तिने त्या माणसाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ट्रे खाली ठेवला आणि चक्क समोरची खुर्ची ओढून बसली.

"काही सोडू नको वं, सगळं सांग," भागीरथा तिला म्हणाली. "मागून भानगड नको."

"सगळं सांगू?" धनश्रीने आईला विचारलं.

"सगळं."

धनश्रीने सांगितलं. छिद्र कुठे होतं, कसं बुजवलं, छातीवर खूण किती आहे, आता कोणतीच गोळी लागत नाही, मूलबाळ व्हायला अडचण नाही असं डॉक्टर म्हणतात, हेही सांगितलं. शेवटचं मला जरा जास्तीचं वाटलं, पण म्हटलं विम्यात बाळंतपणही येत असेल. तो माणूस चहा न पिता ऐकत होता. बशीत चहावर साय आली.

तो उठायला लागला तेव्हा मी खिशातून चेक काढला. श्रीधरकाकांच्या सांगण्यावरून सही करून तयारच ठेवला होता. नावाची आणि रकमेची जागा कोरी.

"हे काय?" त्याने विचारलं.

"सुरुवातीचं," मी म्हणालो. "नाव तुम्ही टाका, आकडा तुम्ही टाका. मी घासाघीस करणारा माणूस नाही. पुढे दरवर्षी देत जाऊ."

"दरवर्षी?"

"न चुकता. आधीच आठवण देत जा फक्त."

त्याचा चेहरा लाल झाला. "भाऊ, आम्ही असलं काही घेत नाही," तो म्हणाला. "चेक खिशात ठेवा. घेणाऱ्यांची घरं वेगळी राहतात." आणि चपला घालून निघाला. धनश्री त्याला सोडायला फाटकापर्यंत गेली. मी भागीरथेला म्हणालो, पाहा, ह्याला म्हणतात माणूस. पहिल्या भेटीत चेकला हात लावत नाही. उगाच लोक एजंटांना नावं ठेवतात.

संध्याकाळी दुसरे आले. जोडप्याने आले. नवरा इस्त्रीच्या कपड्यांत, बाई जरीकाठाच्या साडीत, हातात पर्स. भागीरथेने खिडकीतून पाहिलं आणि तिच्या हातातली परातच खाली पडली. "आले हो. दोघंही आले." धनश्री आतून म्हणाली, "आई, ते नसतील." भागीरथा म्हणाली, "तू चूप बस आणि ड्रेस बदल." धनश्रीने ड्रेस बदलला नाही. कपाळाला हात लावून पलंगावर बसून राहिली.

पुरुषाचं नाव चंदन, बाईचं भैरवी. "बोलणं झालंच आहे तुमचं, तर आता मोकळेपणाने बोलू," चंदनभाऊ म्हणाले. तर्री-पोहे आले, चहा आला. घरी कोण कोण, कमावतं कोण कोण, घर कोणाच्या नावावर. तेच प्रश्न, साहेब. शब्दाचा फरक नाही. आणि मग, पोह्यांचा घास घेता घेता, "कोणाला काही जुनं दुखणं?"

मी खुर्चीत ताठ झालो. "आमच्या घराण्यात," मी म्हणालो, "आजार नाही."

"शुगर? बीपी?"

"मिठाई हाणतो. पोळ्याला एकट्याने अर्धं पातेलं खीर संपवतो."

"वहिनींना?"

"ती गुडघ्याने पायऱ्या चढते," मी म्हणालो. घाईत काय बोललो ते मलाच कळलं नाही. भागीरथा हसली आणि उठून दाखवायला दोनदा दारापर्यंत जाऊन आली. तेवढ्यात आत बाबांना खोकला आला. सकाळी त्यांना खोकायला सांगितलं होतं, आता खोकू नका म्हणून सांगितलं होतं. त्यांनी तोंडावर पंचा धरला, पण आवाज काही थांबेना. "बाबा हसून राहिले," भागीरथा म्हणाली. भैरवीताई म्हणाल्या, किती हसतमुख आहेत हो. बाबा आणखी पाच मिनिटं हसले.

"आणि मुलीला?" भैरवीताईंनी विचारलं.

धनश्री दारात उभी होती. "मले..." ती म्हणाली.

"सर्दीसुद्धा होत नाही," भागीरथा म्हणाली आणि तिच्या हातात पोह्यांची ताटली कोंबली. धनश्रीने ताटली पाहिली, आईकडे पाहिलं आणि आत निघून गेली.

चंदनभाऊ सगळा वेळ मांडीवर फोन ठेवून काहीतरी टाइप करत होते. मला ते आवडलं नव्हतं, पण म्हटलं आजकालचे इवाई, म्हणजे तुमच्या भाषेत व्याही, असेच असणार. "वा," ते म्हणाले. "असं निरोगी घर मी पाहिलं नाही. आता तुमच्या फोनवर एक आकडा येईल, तेवढा सांगा."

फोन बाबांजवळ होता. ते त्यावर संध्याकाळची भजनं लावतात. मघापासून तोंडावर पंचा धरून बसलेल्या त्या माणसाला शेवटी बोलायची परवानगी मिळाली होती. त्यांनी आकडा वाचला. मोठ्याने वाचला. ऐकू गेला नसेल म्हणून परत वाचला.

"झालं," चंदनभाऊ म्हणाले. "अभिनंदन."

"कशाचं?"

"विमा मंजुरीला गेला ना. सकाळी यायचं राहिलं, पण काम झालं. आता फक्त चेक द्या. तयार आहे असं श्रीधरराव म्हणाले. एजंट म्हणून नाव भैरवीचं आहे. मी नोकरीत, माझ्या नावाने करता येत नाही, म्हणून हिला आणलं."

मी भागीरथेकडे पाहिलं, भागीरथेने माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मी बोलायला पाहिजे होतं, हे मला मान्य आहे. पण काय बोलायचं? की तुम्हाला आम्ही मुलाकडचे समजलो म्हणून तासभर थापा मारत होतो? माझा हात आपोआप खिशात गेला आणि चेक घेऊन बाहेर आला. त्यांनी नाव टाकलं, आकडा टाकला आणि ते गेले. चंदनभाऊंची ह्यात काडीची चूक नाही, हे मी इथे स्पष्ट लिहितो. त्यांनी विचारलं, मी फेकलं.

फाटक लागल्यावर भागीरथा हळूच म्हणाली, "मग सकाळी कोण होतं?"

उमरेडला फोन लावला. चुलतबहीण म्हणाली, पंकजचे वडील नानाजी सकाळीच येऊन गेले तुमच्याकडे. घरी गेल्यापासून कोणाशी बोलले नाहीत. काय केलं तुम्ही त्यांना?

त्यानंतर आमच्या घरात जे झालं ते मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की भागीरथेने माझ्याशी बोलणं बंद केलं आणि ती ते मला दर अर्ध्या तासाने सांगत होती. कामठीहून काही निरोप नाही. श्रीधरकाका म्हणाले, सोयरीक गेली समजा. धनश्री मात्र शांत होती. मला म्हणाली, "एका जागी खरं गेलंच आहे, तर दुसऱ्या जागीबी जाऊ द्या. तिकडे काहून खोटं ठेवून राहिले?"

बरोबर होतं तिचं. पॉलिसी तोवर फोनवर येऊन पडलीच होती. मी सुट्टी टाकली आणि निघालो, तुमच्याकडे.

तुमच्या सदर भागातल्या ऑफिसात काउंटरवरच्या मुलीने विचारलं, क्लेम आहे का? मी म्हटलं, नाही, खरं सांगायचं आहे. तिने मागच्याला विचारलं की खरं सांगायला कोणता काउंटर. मागच्याने मला तक्रारीच्या टेबलावर पाठवलं. तिथल्या साहेबांनी कागद पुढे ओढला. "तक्रार कोणाविरुद्ध?" "माझ्याविरुद्ध," मी म्हणालो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, आजारी असल्याचा पुरावा लागेल. डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, एवढ्या वर्षांत सगळे धडधाकट असल्याचा दाखला मागायला येतात, तुम्ही पहिले. दाखले घेऊन परत आलो तर तुमच्या फोनवरच्या बाईकडून दुरुस्तीचा नंबर घ्या म्हणाले. ती बाई म्हणाली, "सर, आप ठीक हैं या बीमार हैं?" मी म्हटलं, "पॉलिसीत ठीक, घरी बीमार." तिने बासरी लावली.

चंदनभाऊंचा फोन आला. "भाऊ, चालत्या गाडीतून उतरून धक्का काहून देऊन राहिले?" त्यांचा आवाज रडवेला होता. आणि काचेच्या केबिनमधल्या तुमच्या मॅनेजरने मला आत बोलावून, दार लावून, हळू आवाजात विचारलं, "काका, नसतं सांगितलं तर काय बिघडत होतं?"

"उद्या क्लेम नाकारला असता तुम्ही."

"तो पुढचा विषय आहे," तो म्हणाला.

हे वाक्य मी घरी येईपर्यंत चघळत होतो. आज खोटं बोललेलं चालतं, उद्या भोवतं, आणि मधल्या काळात हप्ते भरलेले चालतात. पण तिथून निघण्याआधी मी कागद त्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हणालो, पोच द्या. पोच मिळाली. शनिवारी तुमचं पत्रही मिळालं. पॉलिसी रद्द. विमाधारकाने महत्त्वाची माहिती दडवली. स्वतःच्या पायाने चालत जाऊन, दाखले जोडून, पोच घेऊन दडवली.

रविवारी सकाळी फाटक वाजलं. नानाजी होते. ह्या वेळेला सोबत बायको होती आणि मागे पंकज. भागीरथा स्वयंपाकघरात पळाली, परत आली, परत पळाली. नानाजी त्याच खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी तुमच्या इथून गेलो तर मले वाटलं, ह्या लोकांना पोरगी द्यायचीच नाही, म्हणून भेव दाखवून राहिले. मग आठवलं, चेक देऊन राहिले होते. म्हणजे द्यायची आहे. मग मले काही समजलंच नाही. चार रोज मागावर बसलो तर सूत तोडलं."

मी त्यांना सगळं सांगितलं. एजंट, श्रीधरकाका, रिकामं पोट, संध्याकाळचे पोहे. नानाजींची बायको पदर तोंडाला लावून हसली. नानाजी हसले नाहीत.

"तुम्हाले माहीत नव्हतं," ते म्हणाले. "पण तुमच्या पोरीले माहीत होतं. फाटकापाशी मले म्हणते, काका, तुम्ही पंकजचे बाबा आहात, मी फोटोत पाहिलं तुम्हाले. आतल्या लोकांना ठाऊक नाही. घरी जाऊन पंकजले सगळं जसंच्या तसं सांगा, मग यायचं असेल तर या."

आम्ही सगळे धनश्रीकडे पाहायला लागलो. ती दाराला टेकून उभी होती. "दोनदा आपण लपवलं, दोनदा दुसऱ्यांनी सांगितलं," ती म्हणाली. "म्हटलं, एकदा आपण सांगून पाहू." भागीरथा तिच्याकडे बघत राहिली, पहिल्यांदाच तोंड फिरवलं नाही.

"आता आमचं ऐका," नानाजी म्हणाले आणि बाह्या सरसावल्या. पंकज लहानपणापासून लूमच्या खडखडाटात वाढला, डाव्या कानाने कमी ऐकतो. शाळेत मुलांना ते माहीत आहे, ती त्याच बाजूला बसून गप्पा मारतात. नानाजींना बीपी. बायकोला शुगर. भावाला एकदा झटका येऊन गेला. एका आत्याला फिट येतात. एकेका आजारागणिक भागीरथेचा चेहरा उजळत गेला. आत्याच्या फिटपर्यंत ती इतकी खुलली की तिने सगळ्यांना दुसऱ्यांदा पोहे वाढले. बाबा आतून बाहेर आले आणि पंकजच्या उजव्या बाजूला बसून मनसोक्त खोकले. कोणी त्या खोकल्याला हसू म्हटलं नाही. धनश्रीने पंकजला विचारलं, "तुमच्या बाबांनी सगळं सांगितलं ना?" तो म्हणाला, "हाव, दोनदा सांगितलं. एकदा डाव्या बाजूने."

साखरपुड्याची तारीख ठरली. तेवढ्यात श्रीधरकाका येऊन म्हणाले, मी तर पहिल्यापासून म्हणत होतो, माणसाने खरं सांगावं.

मग नानाजींनी टेबलावरचं तुमचं पत्र उचललं, वाचलं आणि मला विचारलं, "हे लोक काय करतात?"

"जोखीम घेतात," मी म्हणालो. "तोच धंदा आहे त्यांचा."

त्यांनी पत्राची नीट घडी घातली आणि जिथून उचललं होतं तिथेच ठेवलं.

तर साहेब, एजंटाकडून विमा घ्यावा की नाही, ह्याचा माझा निकाल आजही तोच आहे: घ्यावा. मला कॉलर हवी होती, ती मिळाली. चंदनभाऊंची होती, आणि तिच्यात काहीच सापडलं नाही. आता मी ती वरची कॉलर शोधतो आहे, जिच्या पत्राला सही लागत नाही. माझ्या घरातली सगळी दुखणी कामठीच्या एका विणकराने ऐकली. त्याच्याकडे कंपनी नाही, काचेची केबिन नाही, त्याला चेक दिला तो त्याने परत केला, आणि त्याने माझ्या मुलीला आपलं म्हटलं. तीच दुखणी मी तुमच्या टेबलावर दाखल्यांसकट ठेवली. तुम्ही चेक वटवलात, आणि मग मला लबाड म्हणून बाहेर काढलंत. तेव्हा एकाच गोष्टीचं उत्तर द्या: जोखीम घ्यायचा धंदा नक्की कोणाचा आहे, तुमचा का त्याचा? उत्तर लेखी पाहिजे. आणि खाली सही करा.